रिस्पा : खडकावर बसून राहिलेली आई

माळरान :

नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे एक बाई डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढतेय.

बायबलच्या जुन्या करारात शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात २१व्या अध्यायात ती येते. नाव रिस्पा, अय्याची मुलगी, इस्राएलाच्या शौल राजाची उपपत्नी. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी प्रसंग सांगते. शौल लढाईत मेला, दावीद राजा झाला. त्याच्या राज्यात लागोपाठ तीन वर्षं दुष्काळ पडला. राजाने देवाला कौल लावला. उत्तर आलं, अभयाची शपथ दिलेल्या गिबोनी लोकांना शौलाने मारलं, त्या रक्ताचा हा दोष आहे. दावीदाने गिबोन्यांना बोलावून विचारलं, भरपाई काय देऊ? त्यांनी सोनं-रुपं नको म्हटलं आणि शौलाच्या वंशातले सात पुरुष मागितले. राजा म्हणाला, देतो.

सातांत रिस्पाचे दोन मुलगे होते, अर्मोनी आणि मफीबोशेथ. उरलेले पाच शौलाच्या मुलीचे मुलगे, म्हणजे त्याचे नातू. जवाची कापणी नुकती सुरू झाली होती. सातही जणांना डोंगरावर एकदमच मारून टांगलं आणि प्रेतं तशीच ठेवली.

मग रिस्पाने गोणपाट घेतलं, खडकावर पसरलं आणि ती तिथे बसली. कापणीच्या सुरुवातीपासून आकाशातून पाऊस पडेपर्यंत. दिवसा पाखरांना आणि रात्री रानातल्या जनावरांना तिने प्रेतांना शिवू दिलं नाही. हे सगळं एका वचनात आहे. अख्ख्या शास्त्रात तिच्या तोंडी एक शब्दही नाही.

पुढच्याच वचनात तिने काय केलं ते दावीदाच्या कानावर जातं. तो उठतो, याबेश-गिलादहून शौलाच्या आणि त्याचा मुलगा योनाथान याच्या अस्थी आणवतो, टांगलेल्या सातांच्याही अस्थी गोळा होतात, आणि बन्यामिनाच्या मुलखात सेला इथे शौलाच्या बापाच्या, कीशाच्या थडग्यात पुरल्या जातात. त्यानंतर देवाने देशाची विनवणी ऐकली असं लिहिलंय.

माझा प्रश्न : राजा हलला तो तिच्यामुळेच ना? मला तर तसंच वाटतं. आणि ती तिथे बसून नेमकं काय मागत होती?

अंजोर :

रुमाल टाकून ठेवतोय. रात्री सविस्तर लिहितो.

कोकणवारा :

ही गोष्ट माहीतच नव्हती. अंगावर काटा आला. मफीबोशेथ म्हणजे तोच ना, पायाने अधू असलेला, दावीदाच्या पंगतीला जेवणारा? त्याला मारलं?

नगरची_लेक :

@कोकणवारा, नाही, एकाच नावाचे दोघे आहेत आणि सगळ्यांचाच गोंधळ होतो. अधू मफीबोशेथ हा योनाथानाचा मुलगा. दावीदाने योनाथानाला शपथ दिली होती म्हणून त्याला वाचवलं. सातव्या वचनात तो वाचला आणि आठव्या वचनात त्याच्याच नावाचा त्याचा काका दिला गेला. मला तर हे लागोपाठ लिहिणंच फार जड वाटतं. एकासाठी शपथ होती, दुसऱ्यासाठी कोणी शपथ घेतलेली नव्हती.

माळरानताई, मी पाळकाची मुलगी. लहानपणापासून उपासनेत बसले, रविवारच्या शाळेत शिकवलं. मातृदिनाला हन्नावर प्रवचन ऐकलं, मरियेवर ऐकलं, मोशेच्या आईवर ऐकलं. रिस्पावर एकदाही नाही. तिच्याबद्दल पहिल्यांदा ऐकलं ते महिला मंडळाच्या सभेत. एक म्हातारी बाई होती, तिचा तरुण मुलगा पुरात वाहून गेला होता आणि देह पाच दिवसांनी हाती लागला होता. ते पाच दिवस ती नदीकाठावरून हलली नव्हती. शास्त्रपाठ कोणता घ्यायचा असं विचारल्यावर ती म्हणाली, रिस्पाचा वाचा. आमच्यापैकी निम्म्या बायकांना तो कुठे आहे तेही माहीत नव्हतं. तिला अध्याय-वचनासकट पाठ होता.

वाचून झाल्यावर कोणी बोललं नाही. त्या दिवशी प्रवचन झालंच नाही.

ताम्रपट :

धागा चांगला आहे, पण मी वेगळं मत मांडतो.

हा प्रसंग मला राजकारणाचा वाटतो. शौलाचं घराणं म्हणजे दावीदाचे प्रतिस्पर्धी. कौल कोणी लावला? दावीदाने. कौल कोणी ऐकला? दावीदाने. फायदा कोणाचा झाला? शौलाच्या वंशातला एक अधू मुलगा सोडला तर गादीवर हक्क सांगायला फारसं कोणी उरलं नाही. शिवाय शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात २४व्या अध्यायात एन-गेदीच्या गुहेबाहेर दावीदाने स्वतः शौलाला शपथ दिली होती की तुझ्यामागे तुझा वंश मी नाहीसा करणार नाही. योनाथानाची शपथ आठवली, ही कशी आठवली नाही?

आणि शिमी आठवा. दावीदाचा मुलगा अबशालोम याच्या बंडात दावीद पळत असताना शौलाच्या कुळातला हा माणूस दगड मारत, धूळ उडवत ओरडतो, रक्तपाती माणसा, शौलाच्या घराण्याचं सगळं रक्त तुझ्यावर उलटलंय. २१ ते २४ हे अध्याय पुस्तकाच्या शेवटी पुरवणीसारखे जोडलेले आहेत, काळाच्या क्रमाने नाहीत. शिमीच्या तोंडी याच सातांचं रक्त असावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

तेव्हा राजा 'हलला' म्हणण्यापेक्षा लोकांत चर्चा वाढली आणि त्याला काहीतरी करावं लागलं, असं मी म्हणेन.

माळरान :

@ताम्रपट, पण मग चर्चा वाढली ती कोणामुळे? ती तिथे बसली नसती तर चार दिवसांत गिधाडांनी सगळं संपवलं असतं आणि लोक कापणीला लागले असते.

ताम्रपट :

हे मान्य.

लोदकर :

शालोम आणि नमस्कार. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू, मूळ रेवदंड्याकडचे आम्ही, आजी-आजोबा बोटीने इकडे इस्राएलात आले. घरात अजून मराठी चालते, म्हणून इथे डोकावत असतो.

आधी नावाबद्दल. इथे रोजच्या हिब्रूत 'रित्स्पा' म्हणजे फरशी, जमीन. आई शब्बाथच्या आधी ओरडते, रित्स्पा पुसली का? तेच अक्षर न अक्षर या बाईचं नाव आहे. पण यशायाच्या सहाव्या अध्यायात याच शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तिथे सराफ, म्हणजे देवदूत, वेदीवरचा निखारा चिमट्याने उचलून संदेष्ट्याच्या ओठांना लावतो, त्या निखाऱ्याला रित्स्पा म्हटलंय. मला लहानपणी या नावाची गंमत वाटायची. पुढे हा अध्याय नीट वाचला आणि वाटलं, खडकाच्या फरशीवर निखाऱ्यासारखी बसलेली ही बाई, तिला दोन्ही अर्थ लागू पडतात.

दुसरं. आमच्यात माणूस गेला की दफन होईपर्यंत देहाला एकटं सोडत नाहीत. कोणीतरी शेजारी बसून तेहिलीम, म्हणजे स्तोत्रं वाचत राहतं. याला श्मिरा म्हणतात, राखण. बसणारा तो शोमेर. माझे आजोबा गेले तेव्हा रात्रभर मी बसलो होतो. एक रात्र. खोलीत, पंख्याखाली, चहा पीत. तरी पहाटे मला माझे हात ओळखू येत नव्हते.

तोरात, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात स्पष्ट नियम आहे : टांगलेल्या माणसाचं प्रेत रात्रभर झाडावर ठेवायचं नाही, त्याच दिवशी पुरायचं. अपराधी असला तरी. म्हणून माळरानताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं की ती दफन मागत होती. राजाने मोडलेला नियम ती एकटी, तिच्या परीने, पाळत होती.

नगरची_लेक :

@लोदकर, 'राखण' हा शब्द वाचून थांबले. आमच्याकडे गोणपाटाला जुन्या भाषांतरात 'गोणताट' म्हणतात. बकऱ्याच्या केसांचं जाडंभरडं कापड, शोकात कमरेला गुंडाळायचं. तिने ते नेसलं नाही, अंथरलं. म्हणजे उठून घरी जायचं तिच्या मनातच नव्हतं.

घाटावरचा :

मी शेतकरी माणूस, बायबल कधी वाचलं नाही. पण राखणीबद्दल बोलू शकतो.

शाळू हुरड्यात आला की आम्ही माळ्यावर झोपायचो. झोपायचो म्हणजे जागायचो. पाखरं उजाडायच्या आधी येतात, तेव्हा गोफण घेऊन उभं राहावं लागतं. दुपारी जरा शांत. तिन्हीसांजेला परत. रात्री डुकरं. डुकराला हाकललं की ते लांब जाऊन उभं राहतं, तुम्ही बसलात की परत येतं. चौथ्या दिवशी माणूस उभ्या उभ्या झोपतो. आम्ही पाळ्या लावायचो, तिघं भाऊ होतो.

ही बाई एकटी, सात ठिकाणी लक्ष, दिवसा आणि रात्री. किती दिवस म्हणायचे हे? तिकडे पाऊस कधी पडतो?

लोदकर :

@घाटावरचा, जव इथे वल्हांडण सणाच्या सुमाराला पिकतं, मार्च-एप्रिलमध्ये. त्यानंतर पाऊस जवळजवळ थांबतोच. पुढचा पहिला पाऊस, त्याला योरे म्हणतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. म्हणजे सरळ हिशोब केला तर सहा-सात महिने. जुन्या ज्यू भाष्यांतही नीसान ते हेश्वान असा सात महिन्यांचा हिशोब सापडतो. मधला अख्खा उन्हाळा. त्यात सुरुवातीला वाळवंटाकडून गरम वारा येतो, हमसीन म्हणतात, त्या दिवशी तर घराबाहेर पडवत नाही.

अंजोर :

आलो. मी धर्मशास्त्र शिकलोय, म्हणून पावसाबद्दल एक भर घालतो. सगळे अभ्यासक सहा महिने मानत नाहीत. काहींच्या मते दुष्काळ होता, त्यामुळे अवेळी पडलेला पाऊस हीच खूण होती, तो काही दिवसांत किंवा आठवड्यांत पडला असेल. कापणीच्या दिवसांत पाऊस ही तिकडे आश्चर्याचीच गोष्ट. शमुवेल संदेष्ट्याने गव्हाच्या कापणीत पाऊस मागितला तेव्हा लोक घाबरले होते. मूळ मजकुरात दिवसांचा आकडा नाही, दोन्ही अर्थ निघतात. पण अस्थी 'गोळा केल्या' असं पुढे येतं, प्रेतं नव्हे. त्यामुळे मी स्वतः लांबच्या मुदतीकडे झुकतो.

आता जे कोणी बोललं नाही ते. रिस्पा याआधीही एकदा येते, दुसऱ्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात. शौल मेल्यावर त्याचा मुलगा ईश-बोशेथ यार्देनेपलीकडे महनाइम इथे गादीवर बसला. खरी ताकद होती सेनापती अबनेराकडे. ईश-बोशेथाने एक दिवस अबनेराला विचारलं, माझ्या बापाच्या उपपत्नीपाशी का गेलास? मेलेल्या राजाची स्त्री घेणं म्हणजे गादीवर हक्क सांगणं, असा तो काळ. पुढे अबशालोमानेही बापाच्या उपपत्नींच्या बाबतीत हेच केलं, आणि दावीदाच्या दुसऱ्या मुलाने, अदोनीयाने, बापाची सेविका अबीशग मागितली म्हणून त्याच्या भावाने, शलमोन राजाने, त्याला मारवलं. अबनेर भडकला, मी काय कुत्र्याचं डोकं आहे का म्हणाला, आणि सरळ दावीदाच्या बाजूला गेला. शौलाचं घराणं बुडालं त्यातलं हे मोठं वळण.

अबनेराने आरोप नाकारला नाही आणि मान्यही केला नाही. आणि रिस्पाला कोणी काही विचारलं नाही. दोन पुरुष तिच्यावरून भांडले आणि राज्य फिरलं.

कोकणवारा :

@अंजोर, म्हणजे पहिल्यांदा तिच्या नावावर राज्य फिरलं आणि दुसऱ्यांदा तिच्या करण्याने.

अंजोर :

हो. तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलंत.

शिलालेख :

थोडं अवांतर, पण जागांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

गिबोन म्हणजे आजचं अल-जीब, यरुशलेमच्या वायव्येला. १९५६ ते १९६२ या काळात जेम्स प्रिचर्ड यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातर्फे तिथे उत्खनन केलं. मातीच्या घड्यांचे कान सापडले, त्यांवर जुन्या हिब्रू लिपीत 'गिबोन' कोरलेलं. गावाचं नाव गावातल्याच खापरावर मिळावं असं नशीब फार थोड्या जागांना लाभतं. तिथे खडकात खोदलेली मोठी गोल विहीर आहे, आत गोल फिरत उतरणाऱ्या ७९ पायऱ्या. 'गिबोनाचं तळं' म्हणून शमुवेलाच्या पुस्तकात जे येतं, जिथे अबनेराची आणि दावीदाचा सेनापती यवाब याची माणसं समोरासमोर बसली, ते हेच असं बरेच जण मानतात. यहोशवाच्या काळात हे गिबोनी शिळ्या भाकरी आणि फाटके जोडे दाखवून दूर देशचे असल्याचा बहाणा करून आले आणि जिवाच्या अभयाची शपथ मिळवली. फसवणूक उघड झाली तरी शपथ मोडली नाही, लाकूडतोडे आणि पाणके म्हणून ठेवलं. शौलाने मोडली ती ही शपथ.

आणि शौलाचं गाव गिबा म्हणजे बहुधा तेल अल-फुल. यरुशलेमच्या उत्तरेची टेकडी. अमेरिकन संशोधक ऑलब्राइट यांनी १९२२ मध्ये तिथे खोदायला सुरुवात केली. १९६०च्या दशकात जॉर्डनच्या राजे हुसेन यांनी त्याच माथ्यावर राजवाडा बांधायला घेतला होता, १९६७च्या युद्धानंतर तो तसाच अर्धवट राहिला. काँक्रीटचा सांगाडा अजून उभा आहे.

सातांना टांगलं तो डोंगर मात्र हिब्रू पाठात 'शौलाचं गिबा' आहे, तर ग्रीक भाषांतरात गिबोन. एका अक्षरावरून अख्खा डोंगर बदलतो.

ताम्रपट :

@शिलालेख, हे अवांतर नाही, मुद्द्याचं आहे. गिबा असेल तर शौलाच्या स्वतःच्या गावात, त्याच्या वाड्यासमोर टांगलं. गावातल्या प्रत्येकाने ती मुलं लहानपणापासून पाहिलेली असणार. आणि त्याच गावात रिस्पा बसली.

सुगरण_पुणे :

मी गप्प वाचत होते. एक शंका. बाकीच्या पाच मुलांची आई कुठे होती?

अंजोर :

@सुगरण_पुणे, फार चांगला प्रश्न. प्रचलित हिब्रू पाठात आईचं नाव मीखल (शौलाची धाकटी मुलगी, दावीदाची बायको) आहे, पण मीखलला मूल झालं नाही असं आधीच लिहिलंय. आणि या मुलांचा बाप म्हणून अद्रीएलाचं नाव आहे. अद्रीएलाला दिली होती ती मीखलची थोरली बहीण मेरब. काही हस्तलिखितांत इथेही मेरबच आहे, आजची बरीच भाषांतरं तेच घेतात. तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू ऋषींच्या चर्चांच्या ग्रंथात, दोन्ही जुळवलंय : जन्म दिला मेरबने, वाढवलं मीखलने, म्हणून तिची म्हटली.

डोंगरावर मात्र दोघींपैकी कोणी दिसत नाही. मेरब तोवर मेली असेल, मीखल दावीदाच्याच घरात होती. रिस्पाने सातही राखले. त्यातले पाच तिचे नव्हते.

सुगरण_पुणे :

हे वाचून खूप वेळ काही सुचलं नाही. सवतीची नातवंडं ती.

घाटावरचा :

म्हणजे सात ठिकाणी लक्ष होतंच, आणि तिला कुठली दोन आपली आणि कुठली पाच परकी हा भेद करता आला असता. केला नाही.

लोदकर :

तालमूदचा विषय निघालाय तर आणखी सांगतो. येवामोत या भागात या प्रसंगावर पानभर चर्चा आहे. तिथे विचारलंय, शौलाने गिबोन्यांना मारलं असं कुठे लिहिलंय? लिहिलेलं नाही. मग उत्तर येतं की त्याने नोब गावचे याजक मारले, गिबोनी त्यांच्या आश्रयाने दाणापाणी मिळवून जगत होते, ते तोडणं म्हणजे मारणंच. नोबचा प्रसंग पहिल्या पुस्तकात आहे, एका दिवसात ८५ याजक कापले गेले.

आणि तिथेच एक वाक्य आहे ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. देवाच्या उत्तरात 'शौलामुळे' असा शब्द आहे. ऋषींनी अर्थ लावला : शौलाचा शोक नीट केला गेला नाही, म्हणूनही दुष्काळ पडला. म्हणजे एका बाजूला त्याने केलेला खून आणि दुसऱ्या बाजूला त्याला न मिळालेलं मानाचं दफन. दावीदाने पहिली बाजू ऐकली आणि सात माणसं दिली. दुसरी बाजू त्याला रिस्पाने दाखवली.

आमच्या वार्षिक वाचनात याच्या पुढचा, २२वा अध्याय येतो, दावीदाचं गीत, वल्हांडणाच्या सातव्या दिवशी मशिदीत वाचतात (आमचे जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणतात). नेमकी जवाच्या कापणीची वेळ. रिस्पाचा २१वा मात्र वाचनात नाही. मी दर वर्षी त्या दिवशी पान मागे उलटून तो मनात वाचतो.

ताम्रपट :

लोदकर, हे वाचून मी माझं मत थोडं बदलतो. दावीदाने सात दिले तेव्हा पाऊस पडला, देव शांत झाला, असं मजकुरात कुठेही नाही. देवाने विनवणी ऐकली हे अस्थी पुरल्यावर येतं. मी इतकी वर्षं हा अध्याय 'बळी दिले आणि दुष्काळ संपला' असाच वाचत होतो. दावीदाच्या हेतूंबद्दल अजूनही शंका आहे, पण शेवट कशाने झाला याबद्दल माळरानताईंचं बरोबर आहे.

अंजोर :

फक्त एक काळजी. दहाव्या वचनात पाऊस प्रेतांवर पडतो, मग दावीदाला कळतं, मग दफन, मग विनवणी ऐकली. तेव्हा पाऊस आधीच आला होता असंही कोणी म्हणू शकेल.

ताम्रपट :

म्हणू शकेल. पण एका पावसाने तीन वर्षांचा दुष्काळ फिटत नाही. घाटावरचे सांगतील.

घाटावरचा :

नाही फिटत. विहिरीला पाणी यायला दोन पावसाळे लागतात.

नगरची_लेक :

एक राहिलं होतं. याबेश-गिलादच्या लोकांबद्दल. शौल राजा झाल्यावर त्याने पहिलं काम केलं ते त्यांना वाचवण्याचं. अम्मोनी राजा नाहाश सगळ्यांचे उजवे डोळे फोडणार होता. पुढे शौल मेला आणि पलिष्ट्यांनी त्याचं धड बेथ-शानच्या तटाला ठोकलं, तेव्हा हेच लोक रात्रभर चालून गेले आणि त्याला आणि त्याच्या मुलांना काढून आणून त्यांनी अस्थी झाडाखाली पुरल्या. म्हणजे या घराण्याची प्रेतं दोनदा उघड्यावर टांगली गेली. पहिल्यांदा गावातले शूर पुरुष धावले. दुसऱ्यांदा एकटी बाई होती, आणि टांगायला देणारे आपलेच होते.

शिलालेख :

जाता जाता पाठाबद्दल अजून एक. माळरानताईंनी वर लिहिलंय की सातांच्या अस्थी पुरल्या. हिब्रू पाठ नीट पाहिला तर सातांच्या अस्थी गोळा केल्या एवढंच आहे. पुरल्या म्हणून उल्लेख आहे तो शौल आणि योनाथान यांच्याच अस्थींचा. 'आणि टांगलेल्यांच्या' हे शब्द ग्रीक भाषांतरात आहेत.

माळरान :

@शिलालेख, मला हे माहीत नव्हतं. दोनदा उघडून पाहिलं. खरंच नाही.

मी तर असं धरून चालले होते की शेवटी तिला तिची मुलं मातीआड झालेली दिसली. ग्रीक लिहिणाऱ्यालाही तसंच वाटलं असणार, त्याला ते लिहिल्याशिवाय पुढे जाववलं नसेल. मी ग्रीक पाठच मानणार आहे. सगळ्यांचे आभार, विशेषतः घाटावरचे आणि लोदकर यांचे. राखण म्हणजे काय ते तुमच्यामुळे कळलं.

लोदकर :

माळरानताई, माझ्या घरापासून तेल अल-फुल तासाभराच्या वाटेवर आहे आणि मी आजवर कधी वर गेलो नाही. वल्हांडणानंतर जाईन म्हणतो. जव तेव्हा पिवळं झालेलं असतं.

माळरान :

नक्की जा. आणि वर खडक कसा आहे ते सांगा. दिवसा कुठे सावली पडते का, तेवढं बघा.